गांगनुंगची सिरम: रेतीतली कोरियन कुस्ती

सोलहून गांगनुंगला केटीएक्स या वेगवान रेल्वेने दोन तासांत पोहोचता येतं. चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याची पंचमी म्हणजे दानो. त्या सुमारास इथे नामदेचन नदीकाठी मोठी जत्रा भरते. उंच झोके, मुखवट्यांची नाटकं, वेखंडाच्या पाण्याने केस धुणाऱ्या बायका (बाळघुटीतलं आपलं वेखंड तेच हे!). मला ओढ होती ती सिरमची.

आखाडा गोल, जाड रेतीचा. पैलवानांच्या कंबरेला आणि मांडीला कापडी पट्टा. एकाचा लाल, दुसऱ्याचा निळा. याला सात्बा म्हणतात. दोघं समोरासमोर गुडघे टेकतात, खांद्याला खांदा भिडवतात, एका हाताने समोरच्याच्या कंबरेचा आणि दुसऱ्याने मांडीचा पट्टा धरतात आणि पकड न सोडता सोबतच उठतात. मग पंचांची शिट्टी.

आपल्या मातीत सलामीनंतर खडाखडी होते, पकड मिळवण्यातच बराच दम खर्ची पडतो. इथे पकड आधीच हातात असते, दोघांच्याही. उरतो तो तोल. समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे ते डोळ्यांना दिसत नाही, खांद्याला आणि छातीलाच कळावं लागतं. चीतपट करायचीही गरज नाही. गुडघा किंवा त्यावरचं कुठलंही अंग रेतीला लागलं की डाव गेला. तीनपैकी दोन जिंकायचे. बेजिगी हा पेच बघताना मी उभाच राहिलो: पट्ट्याने खेचून अख्खा माणूस पोटावर उचलायचा आणि कंबर वळवून टाकायचा!

अठराव्या शतकात किम होंग-दो या चित्रकाराने सिरमचं चित्र काढलं. भोवती बसलेले प्रेक्षक रंगून गेलेत, मिठाईवाला पोऱ्या मात्र भलतीकडेच बघतोय. जत्रेतल्या गर्दीत तो मला जागोजागी भेटला.

पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांतल्या वजनगटांना डोंगरांची नावं आहेत: तेबेक 80 किलोपर्यंत, गुमगांग 90, हल्ला 105 आणि बेकदू 140. यातला हल्ला पार दक्षिणेला, जेजू बेटावर. गुमगांग उत्तर कोरियात, बेकदू त्याच्याही पलीकडे चीनच्या सीमेवर. दक्षिणेतल्या पैलवानाला तिकडे सहज जाता येत नाही, तरी किताब तो त्याच नावाने मिरवतो. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीसाठी दोन्ही कोरियांनी सिरमचे वेगवेगळे अर्ज केले होते. 2018 मध्ये ते एकत्र करून दोघांच्या नावे मिळून एकच नोंद झाली. दोन्ही देशांची अशी संयुक्त नोंद त्याआधी कधीच झाली नव्हती.