आज सगळे मिळून थेरपीला

आज घरातले सगळे फॅमिली थेरपिस्टकडे गेलो, मला वाटलेलं धाकट्याचीच हजेरी घेतली जाणार कारण शाळेचं नाव काढलं की तो दार लावून बसतो, पण बाईंनी आधी आम्हालाच विचारलं की तो दार लावतो तेव्हा तुम्ही दोघं काय करता? भांडतो, दुसरं काय! मग कळलं की दोघांतला ताण वाढला की तिसरा मध्ये ओढला जातो, मरे बोवेन नावाच्या सायकियाट्रिस्टनी त्याला ट्रँगल म्हटलंय. तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे घरातल्या नात्यांचा नकाशापण काढला, कोणाचं कोणाशी पटत नाही ते त्यात रेषांनी दाखवतात (आमच्या कागदावर रेषा जरा जास्तच झाल्या). होमवर्क एकच, पोराला निरोप्या करायचं नाही. पुढच्या वेळी सासूबाईंनाही न्यायचंय, आता ते त्यांना सांगणार कोण?