हरमॅटनच्या दिवसांत मोलेला जाताना: माझा अनुभव

घानात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना आधी हेच सांगते: मोले नॅशनल पार्कला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत विमानावर विसंबू नका.

कोरड्या दिवसांत जा, असं सगळेच म्हणतात. बरोबर आहे, इतरत्र पाणी आटलं की हत्ती पार्कातल्या मोटेलखालच्या पाणवठ्यावर येतात. पण नेमका तेव्हाच सहाराकडून हरमॅटन, म्हणजे धुळीचा कोरडा वारा सुटतो. मोलेला जाताना विमानाने जिथे उतरायचं, त्या टमाले शहरात धुरळा दाटला की विमान उतरत नाही.

आक्राच्या विमानतळावर आम्ही सकाळपासून ताटकळलो. काउंटरवर दर वेळी एकच उत्तर, "अजून एक तास." बाहेर आक्राचं आकाश बऱ्यापैकी स्वच्छ, त्यामुळे कुणाला काही कळेना. शेवटी एका प्रवाशाने टमालेला घरी फोन लावला, तेव्हा समजलं की तिथे भरदिवसा गाड्यांचे दिवे लावावे लागताहेत. धुळीपुढे कुणाचं चालत नाही, मान्य. पण ही गोष्ट काउंटरवाल्यांना आमच्याआधी ठाऊक होती! तेव्हाच सांगितली असती तर दिवसाची बस मिळाली असती. दुपार उलटल्यावर विमान रद्द. पैशांसाठी फॉर्म भरून घेतला, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मग कुमासीमार्गे रात्रीची बस, सुमारे 600 किलोमीटर. अंग आंबून गेलं.

म्हणून निघण्याआधी टमालेच्या टॅक्सीवाल्यालाच फोन करून हवा विचारा. मार्चमध्ये धूळ बरीच ओसरते, पण ऊन 40 अंशांच्या घरात.

टमालेहून पुढे डांबरी रस्ता आहे. लाराबांगाची मातीची जुनी मशीद वाटेतच लागते.

पार्कात बंदूकधारी रेंजरशिवाय पायी फिरता येत नाही. आमच्या रेंजरने चिमूटभर माती हवेत सोडून वारा पाहिला आणि लांबचा वळसा घालून नेलं. समोर सुळेवाला नर! पाठीवरचा चिखल वाळून भेगाळलेला, पोटाखालचा अजून ओला. सगळा शीण उतरला. जिराफ, झेब्रे मात्र इथे नाहीत.

गडद निळे-काळे कपडे नकोत, चावऱ्या त्सेत्से माश्या येतात. खाण्याची पिशवी उघडी ठेवलीत तर बबून पळवतात. आणि भारतातून पाहुणे येणार असतील तर पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घ्यायला सांगा. त्या लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड इथे उतरताना लागतं, परतताना भारतातही.