आजी-आजोबांचा अर्ज

सोमवार, रात्री

"नातवावर आमचा हक्क आहे की नाही?" असं विचारणाऱ्याला खरं उत्तर पहिल्याच भेटीत मिळायला हवं, म्हणून ते आधी लिहून ठेवते. नातवंडाला भेटण्याचा किंवा त्याचा ताबा मिळण्याचा वेगळा हक्क आजी-आजोबांना कायद्याने दिलेला नाही. दिली आहे ती कोर्टात अर्ज करण्याची मुभा. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम 8 प्रमाणे मुलाचा कोणीही नातलग, अगदी स्नेहीसुद्धा, पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतो. पण त्या अर्जावर विचार होतो तो कलम 17 प्रमाणे, आणि तिथे प्रश्न एकच असतो: मुलाचं हित कशात आहे?

गोव्यात यात एक गुंता पडतो. आपल्याकडे पोर्तुगीज काळातला कौटुंबिक कायदा चालतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आई-वडिलांच्या पश्चात पालक कोण, याच्या क्रमात आधी वडिलांचे वडील आणि मग आईचे वडील येतात, हेही कुणीतरी सांगितलेलं असतं. तेवढ्यावर विसंबून माणसं येतात. पण 1890 चा कायदा मुक्तीनंतर गोव्यालाही लागू झाला आणि आज अर्ज त्याच्या चौकटीत लिहावा लागतो. क्रमात नाव वर आहे म्हणून मूल हाती येत नाही.

खरी भिंत कलम 19 ची आहे. आई किंवा वडील हयात असतील आणि कोर्टाच्या मते अपात्र नसतील, तर दुसरा पालक नेमता येत नाही. पूर्वी तिथे फक्त वडिलांचा उल्लेख होता, 2010 च्या दुरुस्तीने आईही आली. त्यामुळे विधवा सुनेविरुद्ध "आम्ही मुलाला जास्त चांगलं वाढवू" एवढं म्हणून भागत नाही. ती सांभाळ करायला अपात्र आहे, हे पुराव्याने दाखवावं लागतं. ती नोकरीला जाते किंवा तिने दुसरं लग्न केलं, ही अपात्रता नव्हे.

मंगळवार

निवाडे वाचताना परिस्थितीनुसार वाचावेत, नाहीतर नुसती आशा किंवा नुसती निराशा पदरी पडते.

2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नातू आईच्या आई-वडिलांकडे ठेवला. तिथे मुलाच्या आईच्या मृत्यूबद्दल वडिलांवरच फौजदारी खटला होता, आणि मुलाशी बोलून त्याची इच्छा जाणून घेणंही न्यायालयाला महत्त्वाचं वाटलं. 2009 मध्ये जन्मापासून आजीने वाढवलेलं मूल आजीकडेच राहिलं. 2022 मध्ये कोविडमध्ये आई-वडील दोघंही गेलेल्या मुलाचा ताबा मावशीऐवजी वडिलांच्या आई-वडिलांना मिळाला. मावशीचं वय कमी, उत्पन्न जास्त, कुटुंब मोठं, एवढ्यावरून आजी-आजोबांना डावलता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. वय झालं म्हणून घाबरणाऱ्यांनी हा निवाडा आपल्या वकिलाला जरूर दाखवावा.

उलट बाजूही पाहावी. 2019 मध्ये आई वारल्यावर मावशीकडे असलेलं तान्हं मूल वडिलांकडे गेलं. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वडिलांपेक्षा आजोबांचा दावा वरचढ असू शकत नाही, आणि तिथे वडिलांनी दुसरं लग्न केलेलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वृद्ध आजीला पाच वर्षांचा नातू त्याच्या आई-वडिलांकडे परत द्यायला सांगितलं. माया आहे म्हणून जन्मदात्यांपेक्षा जास्त हक्क मिळत नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणून माझं मत ठाम आहे. आई-वडिलांपैकी एक जरी धड सांभाळणारं असेल, तर ताब्याचा नाद सोडावा आणि भेटीसाठी अर्ज करावा. ताबा मागितला की समोरची बाजू बचावाला उभी राहते आणि भेटीचं दारही बंद करते. मुलगा आणि सून दोघंही असून त्यांचा घटस्फोटाचा किंवा ताब्याचा खटला चालू असेल, तर बहुतेक वेळा वेगळ्या अर्जाचीही गरज नसते. नातवाच्या वडिलांना मिळणाऱ्या भेटीच्या वेळेत आजी-आजोबा हजर असतील आणि भेट त्यांच्या घरी होईल, एवढं वाक्य त्याच आदेशात घालून घ्यावं. हे इतकं सोपं असूनही कितीदा राहून जातं.

बुधवार

अर्ज कुठे करायचा? मूल जिथे नेहमी राहतं, तिथल्या जिल्हा न्यायालयात. आजोबा डिचोलीत राहतात म्हणून उत्तर गोव्यात अर्ज चालत नाही. सून मुलाला घेऊन सावंतवाडीला माहेरी स्थायिक झाली, मूल तिथल्या शाळेत जाऊ लागलं, तर अर्ज ओरोसला, सिंधुदुर्गच्या जिल्हा न्यायालयात. कारवारकडे गेली तर कारवारला. हे चुकलं की वर्षभर तारखा होऊन अर्ज परत येतो, आणि लहान मुलाच्या आयुष्यात वर्ष केवढं मोठं असतं!

काय लिहायचं ते कलम 10 मध्ये आहे: मुलाचं नाव, धर्म, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, त्याच्या नावावरची मालमत्ता आणि तिची अंदाजे किंमत, मूल सध्या कुणाकडे आहे, जवळचे नातलग कोण आणि कुठे, आधी कुठे अर्ज झाला होता का आणि त्याचं काय झालं, अर्जदाराची पात्रता, आणि अर्ज करण्याचं कारण. सोबत प्रस्तावित पालकाचं संमतिपत्र लागतं. त्यावर त्याची सही आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. हा कागद हमखास राहतो.

सुनेचा पत्ता नीट शोधून लिहावा. जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला की नोटीस परत येते, आणि नोटीस लागल्याशिवाय सुनावणी पुढे सरकत नाही. मुख्य अर्जाबरोबर त्याच दिवशी कलम 12 खाली अंतरिम भेटीचा अर्जही द्यावा. निकाल लागेपर्यंत मूल आजी-आजोबांचा चेहरा विसरता कामा नये.

अर्जातला मजकूर हा सर्वांत कच्चा भाग असतो. पानंच्या पानं सुनेच्या स्वभावावर, दागिन्यांवर, लग्नातल्या मानपानावर जातात. न्यायाधीशांना त्यातून मुलाबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी मुलाचा दिवस लिहावा. सकाळी उठवायचं कोण, बालवाडीत सोडायचं कोण, दमा असेल तर औषध कुणाच्या हातून, दुपारी जेवून कुणाजवळ झोपायचं, मराठी पाढे कुणी शिकवले. आणि प्रत्येक वाक्यामागे एक कागद: लसीकरणाचं कार्ड, बालरोगतज्ज्ञाची फाईल, शाळेच्या फीच्या पावत्या, शाळेच्या डायरीतल्या सह्या, तारीख असलेले फोटो. शेजारणीचं प्रतिज्ञापत्रही उपयोगी पडतं, मात्र तिने स्वतः पाहिलं तेवढंच तिने सांगावं. ताबाच मागायचा असेल तर दोघांच्या तब्येतीचा डॉक्टरांचा दाखला लावावा, आणि पुढेमागे आपल्याला झेपलं नाही तर मूल कोण सांभाळेल, त्या काकाचं किंवा आत्याचं नाव संमतीसह द्यावं. न्यायाधीशांच्या मनात ती शंका असतेच.

खर्चाचं थोडक्यात. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यामुळे आजीला अर्जदार करावं. हेल्पलाईन 15100. दाव्याआधीच्या मध्यस्थीसाठीही तिथेच विचारावं.

गुरुवार

भेटीचा आदेश "सोयीनुसार भेटू द्यावे" असा घेतला, तर तो मिळूनही हाती काही लागत नाही. सोय कधीच होत नाही. वार, वेळ, जागा, ने-आण कोण करणार, सगळं लिहून घ्यावं. उदाहरणार्थ, दर दुसऱ्या रविवारी सकाळी 10 ते संध्याकाळी 5. मूल आजारी पडलं तर तीच भेट पुढच्या रविवारी. आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल, तोही ठरलेल्या वेळी. फोनवरून आणि व्हिडिओवरून संपर्काचं महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे. ते आई-वडिलांच्या वादात असलं, तरी तोच धागा इथे मांडता येतो.

चवथीचा प्रश्न गोव्यात हमखास येतो. दोन्ही घरी दीड दिवसाचा गणपती असेल, तर एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे, असं सरळ लिहावं. एका घरी पाच दिवसांचा असेल, तर त्या घराने नंतरचे दिवस मागावेत. मे महिन्याची सुट्टी मागताना शाळेचं वेळापत्रक जोडावं, कारण 2025 पासून वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं आहे.

बरेच महिने भेट झालेली नसेल, तर पहिल्या काही भेटी कोर्टाच्या आवारात, समुपदेशकासमोर, तासाभराच्या मागाव्यात. मूल बिचकतं, आईला चिकटतं, कधी रडतं. त्या वेळी "तुझ्या आईने शिकवलं का?" हा एक प्रश्न सगळं बिघडवतो. तो अहवालात येतो. भेटीत खटल्याबद्दल चकार शब्द काढू नये आणि फोटो नातलगांच्या ग्रुपवर टाकू नयेत. कोणता खाऊ दिला, काय खेळलो, मूल किती वाजता परतलं, हे वहीत लिहून ठेवावं. आदेश मोडला जाऊ लागला तर हीच वही कामाला येते. तक्रार घेऊन पोलिसांकडे धावण्यात अर्थ नाही, आदेश देणाऱ्या कोर्टातच अर्ज द्यावा.

शुक्रवार

घराचा वाद आणि मुलाचा वाद वेगळा ठेवावा, हे सर्वांत कळकळीने सांगावंसं वाटतं. गोव्यात वारलेल्या मुलाच्या जागी त्याची मुलं प्रतिनिधित्वाने वारस होतात, आणि नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेत सुनेचा अर्धा हिस्सा तिचा स्वतःचा असतो. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याचं कोर्टातलं काम, सुरू झाली आणि त्याच महिन्यात नातवाच्या ताब्याचा अर्ज आला, की न्यायाधीशांना शंका येणारच. तशी पालक म्हणून नेमणूक झाली, तरी मुलाची स्थावर मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त भाड्याने देता येत नाही. तेव्हा त्या वाटेने काही साधतही नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली भेट मागायला जाणारेही आहेत. ते न्यायाधिकरण निर्वाहखर्चासाठी आहे. नातवंडाची भेट तिथे मिळत नाही.

मूल परदेशी जाण्याची भीती असेल तर उशीर करू नये. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली कितीतरी कुटुंबं आपल्या आजूबाजूला आहेत. मुलांच्या अपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही, आणि इंग्लंडमध्ये आजी-आजोबांना अर्ज करण्यासाठीही सहसा आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. म्हणून मूल इथे असतानाच मागावं: कोर्टाच्या परवानगीविना देशाबाहेर नेऊ नये, पासपोर्ट कोर्टात जमा करावा. विमान उडाल्यावर हाती उरतो तो व्हिडिओ कॉल, आणि तोही आधी लिहून घेतला असेल तरच.

मुलाला मारहाण होत असेल, उपाशी ठेवलं जात असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून 1098 वर फोन करावा. प्रकरण बाल कल्याण समितीकडे जातं. खोटी तक्रार मात्र करू नये. मुलाची चौकशी होते, त्याला अनोळखी माणसांसमोर बसावं लागतं, आणि नंतर भेटीच्या अर्जावर तीच तक्रार वाचली जाते.

ताब्याचे आणि भेटीचे आदेश कायमचे नसतात. मूल मोठं होऊन शाळा बदलली, सून दुसऱ्या गावी गेली, आजोबांना एकट्याने गाडी चालवणं जमेनासं झालं, तर त्याच कोर्टात बदलाचा अर्ज करता येतो. सोबत ती भेटींची वही न्यावी.