मॅसी ३५, तीन सिलिंडर पर्किन्स: इंजिन एअर कुठून धरतं

या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीच्या मागच्या टप्प्यात हेड बसलं, टॅपेटही लागले. हे इंजिन (ए३.१५२) थंड असताना टॅपेटची फट ०.३० मिमी, फायरिंगचा क्रम १-२-३. चार सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडरच्या जोड्या धरून टॅपेट लावतात, ती युक्ती इथे चालत नाही. पहिला पिस्टन काँप्रेशनवर वर आणून त्याचे दोन्ही टॅपेट लावायचे, मग क्रँक २४० अंश फिरवून दुसऱ्याचे, पुन्हा २४० अंशांनी तिसऱ्याचे.

आताचं दुखणं वेगळं. इंजिन लगेच सुरू होतं, अर्धा मिनिट चालतं आणि आचके देत बंद पडतं. अशा वेळी सगळ्यांचं बोट डीपीए पंपाकडे, म्हणजे नोझलांना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाकडे जातं. पण त्याचा रोटर आणि हायड्रॉलिक हेड एकमेकांसाठीच घासून जुळवलेले असतात; घरच्या टेबलावर पंप खोलून हाती नुकसानच येतं. आधी डिझेलच्या नळ्यांत हवा कुठून शिरते ते शोधावं.

फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) आणि फिल्टरच्या मधे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवला. डिझेलबरोबर मोहरीएवढे बुडबुडे सरकताना दिसले, म्हणजे गडबड फीड पंपाच्या आधीची. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथला सांधा ढिला असेल तर तो ओला होतो आणि डोळ्यांना दिसतो. मागच्या, टाकीकडच्या बाजूला मात्र ओढ असते. तिथला सांधा हवा आत घेतो आणि बाहेरून कोरडा राहतो, म्हणूनच तो सापडत नाही.

टाकी इंजिनच्या वर असूनही ओढ का? कारण टाकीच्या कॉकवरची जाळी गाळाने बुजलेली होती. टाकी भरलेली असताना वजनाने डिझेल उतरतं, अर्ध्यावर आली की बंद. जाळी धुतली, कॉकखालच्या नळीचं चिरलेलं ऑलिव्ह (सांधा घट्ट धरणारी कडी) बदललं आणि बुडबुडे थांबले. टाकीच्या झाकणाचं भोकही तारेने मोकळं केलं. ते बुजलं तर हेच लक्षण वीस-तीस मिनिटांनी येतं, आणि झाकण सैल करताना ‘फुस्स’ आवाज होतो.

फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग वरच्या खाचेत चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते. खाचेत बोट फिरवून बघायलाच हवं.

मग एअर काढणं. फीड पंपाची हाताने मारायची दांडी पोकळ लागली तर कॅम वर थांबलेला असतो. क्रँक एक फेरा फिरवला की दांडीत जोर येतो. आधी फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करायचा, मग डीपीएच्या अंगावरचा, शेवटी त्याच पंपाच्या गव्हर्नरच्या (वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) झाकणावरचा. प्रत्येक ठिकाणी फेस जाऊन अखंड धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. स्टॉपची दांडी आत, थ्रॉटल पूर्ण उघडा, तिन्ही नोझलांच्या नळ्यांचे नट एक आटा सैल, आणि सेल्फ मारायचा. डिझेल उडू लागलं की नट आवळायचे. त्या धारेसमोर हात नको, ती कातडीत शिरते.

आता इंजिन न अडखळता चालतं. फक्त डिपस्टिकवर तेल खुणेच्या वर आलंय आणि त्याला डिझेलचा वास आहे. फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल थेट संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. पडदा आणि तेल बदलेपर्यंत इंजिन बंद.