तुम्ही विचारलंत म्हणून : लॉजमध्ये शिकता तरी काय?

मी फ्रीमेसन आहे, म्हणजे गवंडीकामाची हत्यारं प्रतीकं मानून स्वतःला घडवू पाहणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचा सदस्य; लॉज म्हणजे तिची शाखा. हे कळलं की पहिला प्रश्न गुपितांचा येतो. दुसरा हमखास हा : "इतकी वर्षं जाताय, तिथं शिकता तरी काय?" पहिल्याचं उत्तर छोटं आहे, एकमेकांना ओळखण्याच्या खुणा तेवढ्या आम्ही सांगत नाही. दुसऱ्याचं मात्र नीट द्यावंसं वाटतं.

आम्ही पाठांतर करतो. विधीतली भाषणं कागद न बघता म्हणायची असतात आणि त्यासाठी वेगळ्या सराव-बैठका होतात. लंडनची एम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट १८२३पासून हेच करत आली आहे. तिथं एकही शब्द न चुकवणाऱ्याला चांदीची आगपेटी मिळते.

माझं पहिलं भाषण पहिल्या पदवीतल्या, म्हणजे सदस्यत्वाच्या पहिल्या पायरीवरच्या हत्यारांचं होतं. नव्या सदस्यासमोर उभं राहून २४ इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी यांचा अर्थ सांगायचा. पट्टी म्हणजे दिवसाचे २४ तास. ती झाली, हातोडाही झाला. छिन्नी उचलली आणि पुढचं वाक्यच गेलं. समोरच्याची नजर माझ्या हातावर. कुणी खाकरलं नाही, कुजबुजलं नाही. अडलेल्याला शब्द पुरवायचं काम एकाचंच, बाकीच्यांनी गप्प राहायचं, असा रिवाज आहे. त्या दिवशी ते काम करणारे ज्येष्ठ ब्रदर (आम्ही सदस्य एकमेकांना असंच म्हणतो) थांबले. मला स्वतःहून आठवतंय का, याची त्यांनी पुरेशी वाट पाहिली आणि मग एकच शब्द दिला : "शिक्षण." छिन्नीचा अर्थच तो आहे. पुढचं सगळं आपोआप आलं, आणि तो शब्द आजतागायत विसरलेलो नाही.

लॉजमध्ये दोन दगड असतात, एक ओबडधोबड, एक घडीव. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिथं टाकी दुसऱ्याच्या हातात असते. इथं दगडही आपणच आणि पाथरवटही आपणच.

लॉजमधली पदं बदलत जातात : आतला द्वारपाल, डीकन, वॉर्डन आणि शेवटी मास्टर, म्हणजे लॉजचा प्रमुख. प्रत्येक पदाचं पाठांतर नवं आणि कसबही नवं. डीकन असताना मी विधीसाठी नव्यानं आलेल्या अनोळखी माणसाला हाताला धरून, तो बावरणार नाही अशा बेतानं चालवायला शिकलो. धर्म आणि राजकारण यांवर लॉजमध्ये वाद घालायचा नाही, या नियमानं मला ऐकून घ्यायला शिकवलं. घरच्यांना हा फरक माझ्याआधी जाणवला.

एक गोष्ट मात्र मला खुपते. दुसऱ्या पदवीत सात विद्यांचा अभ्यास करा असं सांगतात : व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. पुष्कळदा ही यादी नुसती म्हटली जाते आणि गोष्ट तिथंच राहते. मी पन्नाशीनंतर कंपास घेऊन भूमिती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. वर्तुळाच्या त्रिज्येनंच परिघाचे सहा सारखे भाग पडतात, हे शाळेत लिहिलं होतं. हातानं करून पाहिल्यावर त्या संध्याकाळी कितीतरी वेळ वहीसमोरून उठवलं नाही.

मला शब्द पुरवणारे ते ब्रदर मास्टर होऊन गेले, त्याला बरीच वर्षं झाली. यंदा त्यांनी आपणहून पुन्हा आतल्या द्वारपालाचं पद घेतलं आहे. परवा सरावाला त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, "ऐक रे जरा," म्हणाले आणि डोळे मिटून सुरुवात केली.