मायक्रोस्कोप लॉग, आठवडा ६: दह्यातले जंतू पोहत नाहीत, माझीच चूक

मागच्या लॉगमध्ये छाती ठोकून लिहिलं होतं की दह्यातले बॅक्टेरिया पोहताना दिसले. शब्द मागे घेतो.

झालं काय, रविवारी परत ताकाचा थेंब स्लाइडवर घेतला, ४० चं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं, ४० पट मोठं दाखवणारं भिंग), डायफ्रॅम, म्हणजे खालून येणारा उजेड कमी-जास्त करणारी झडप, बराचसा बंद (उघडा ठेवला की हे पारदर्शक लोक दिसतच नाहीत), आणि बघतो तर सगळी मंडळी आरामात डावीकडे चाललीयेत, काड्यापण, गोळ्यांच्या माळापण आणि लोण्याचे थेंबपण. आता लोणी कुठे पोहतं का? तिथे ट्यूब पेटली. नाशिकची मार्चची दुपार, कव्हरस्लिपच्या, म्हणजे थेंबावर ठेवलेल्या पातळ काचेच्या, कडेने पाणी उडत होतं आणि त्या ओढीने अख्खा जथा वाहत होता.

मग चारी कडांना व्हॅसलिन लावून सील केलं, दहा मिनिटं थांबलो. वाहणं बंद, पण जागच्या जागी थरथर चालूच. म्हणजे ब्राउनियन मोशन, १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउनला परागकणांतल्या बारीक कणांत दिसली होती ती. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात, बस. तरी खात्री म्हणून ताक उकळायला ठेवलं तर आई म्हणाली, "कढी करायची तर बेसन लाव, फाटेल ते." फाटलंच. पण गुठळ्यांच्या मधल्या पाण्यात जे मोकळे सापडले ते मेलेलेसुद्धा तस्सेच थरथरत होते. दह्यातले लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस, दोघांनाही शेपटीच नाही, पोहणार कशाने.

दुसरा प्रयोग द्राक्षांचा. पिंपळगावहून पेटी आली होती. द्राक्षावरची पांढरी लव म्हणजे यीस्ट असं मीही समजायचो, ते मेण असतं, यीस्ट त्यावर तुरळक. द्राक्षं चुरडून सैल झाकणाच्या बाटलीत तीन दिवस ठेवली, मग मात्र गर्दी! बऱ्याच पेशी लिंबाच्या आकाराच्या, टोकाला कोंब फुटलेल्या. थरथर जेमतेम, कारण यीस्ट बॅक्टेरियापेक्षा बरंच मोठं, इतक्या मोठ्या अंगावर धक्के एकमेकांना मारून टाकतात. आणि हलता येत नाही म्हणून यांचं अडतंय थोडंच, चिलटांच्या अंगावर बसून या द्राक्षावरून त्या द्राक्षावर. बाटलीभोवती चिलटांची जत्रा भरली होती, घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच.

काल सोमेश्वरहून गोदावरीचं पाणी आणलं. त्यात सिनेडेस्मस नावाचं सूक्ष्म हिरवं शेवाळ, चार पेशी शेजारी शेजारी चिकटलेल्या, कडेच्या दोघींना शिंगं, ढिम्म हलत नाहीत. शेजारून एक बारका बॅक्टेरिया प्रवाहाच्या उलट्या दिशेने सुर्रकन गेला. खरा पोहणारा असा दिसतो! आणि मग एक होडीच्या आकाराचा डायटम (काचेसारखं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ), ना शेपटी ना केस, तरी काचेवरून सरळ घसरत गेला, थांबला, आणि न वळता तसाच रिव्हर्स आला. हे लोक कवचातल्या फटीतून चिकट द्रव सोडून सरकतात. व्हिडिओ घ्यायला मोबाइल आयपीसवर धरेपर्यंत गडी फ्रेमबाहेर.