आजची संध्याकाळ

आज मोबाईलची बॅटरी संपली आणि चार्जर ऑफिसातच राहिला, घरी आल्यावर दहा मिनिटं नुसतं अस्वस्थ व्हायला झालं, हात सारखा खिशाकडे जात होता. मग लेक म्हणाली, बाबा चल ना गच्चीत, म्हणून गेलो. तिनं मुंग्यांची रांग दाखवली. खरं सांगतो, अर्धा तास आम्ही दोघं पालथे पडून तेच बघत होतो, एक मुंगी स्वतःहून मोठा कसला तरी पंख ओढत चाललेली, मधेच अडकायची, मागे फिरायची, परत धरायची, आणि दर वेळी लेक श्वास रोखून धरायची. सूर्य बुडत होता. तिला म्हटलं, हा उजेड तिथून इथवर यायला ८ मिनिटांच्या वर लागतात. तर म्हणते, म्हणजे आपण मुंगी बघत होतो तेव्हाच निघालेला? हो गं राणी, तेव्हाच.

२०१० साली हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी २,२५० लोकांना फोनवरून अधूनमधून विचारलं होतं, आत्ता काय करताय आणि मन कुठंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं, आणि तेव्हा माणसं कमी आनंदी होती. वाचलं तेव्हा नुसता आकडा लक्षात राहिला. आज मात्र पोटात कालवलं, कारण लेक सहा वर्षांची झाली आणि किती संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसूनसुद्धा तिथं नव्हतो...

उद्या परत जायचंय. रांग कुठं संपते ते बघायचं म्हणून तिनं खडूनं खूण करून ठेवलीय.